सिबिल स्कोअर कमी आणि दवाखान्याचं बिल मोठं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"बिलासाठी कर्ज कुठे मिळेल?" असं विचारणाऱ्या बहुतेकांना आधी दुसराच प्रश्न पडायला हवा असतो: हे बिल खरंच एवढं भरावं लागणार आहे का? सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून ठरणारे गुण) खराब असलेल्याला कर्ज मिळतं ते महागच. म्हणून इथे बिल कमी करणारे मार्ग आधी दिले आहेत आणि कर्ज नंतर. रुग्ण आत्ता भरती असेल तर थेट प्रश्न ४ ते ७ वाचा, बाकीचं नंतर बघता येईल. योजनांची माहिती महाराष्ट्रातली आहे. गोव्याचा उल्लेख लागेल तिथे केला आहे.

१. माझा सिबिल ५८० आहे. आता कुठेच कर्ज मिळणार नाही का?

मिळू शकतं. स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि ७५० च्या आसपास किंवा वर असला की बँका सहज बोलतात. पण अमुक स्कोअरच्या खाली कर्ज देऊच नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. प्रत्येक बँक आपली रेषा स्वतः ठरवते. ५८० ला विनातारण वैयक्तिक कर्ज बहुतेक बँका नाकारतील आणि एखादी फायनान्स कंपनी देईल ती वर्षाला २४ टक्क्यांच्या वर व्याज लावून. तारण असेल तर चित्र बदलतं (प्रश्न १० ते १२).

एक काळजी घ्या. घाबरून एकाच आठवड्यात पाच ठिकाणी अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी तुमच्या कर्ज-नोंदींच्या रिपोर्टवर नोंदली जाते आणि स्कोअर आणखी खाली येतो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने मात्र काहीच बिघडत नाही. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही संस्थांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. तो आधी काढा.

२. माझा स्कोअर मायनस एक दाखवतो. म्हणजे फारच खराब का?

नाही. तुम्ही आजवर कर्ज किंवा क्रेडिट कार्ड घेतलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला फक्त इतिहास नाही म्हणून नाकारू नये, हे केंद्र सरकारने २०२५ मध्ये संसदेतही स्पष्ट केलं आहे. पगाराची स्लिप, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि जिथे पगार जमा होतो तीच शाखा, एवढ्यावर बोलणी सुरू करा.

३. हॉस्पिटलचं बिल थकलं तर सिबिल पडतो का?

थेट पडत नाही. रिपोर्टमध्ये माहिती जाते ती बँका, फायनान्स कंपन्या अशा कर्ज देणाऱ्यांकडून. हॉस्पिटल किंवा डेंटल क्लिनिक त्यात येत नाही. पण तेच बिल तुम्ही क्रेडिट कार्डावर किंवा ईएमआयवर टाकलंत की ते कर्ज होतं आणि हप्ता चुकला की नोंद होते. हॉस्पिटलकडून दोन-तीन महिन्यांची मुदत लेखी मागून घेणं हे घाईने घेतलेल्या ईएमआयपेक्षा बरेचदा चांगलं, ते यासाठीच.

४. पेशंट आत्ता अ‍ॅडमिट आहे आणि हातात पैसे नाहीत. आधी काय करू?

हॉस्पिटलमधला आरोग्यमित्र, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचा मदतनीस, शोधा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या महाराष्ट्रात एकत्र चालतात. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचा कक्ष असतो, बहुधा प्रवेशद्वाराजवळ किंवा बिलिंगपाशी. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार कॅशलेस मिळतात. "आमचं पांढरं रेशनकार्ड आहे, आम्हाला नाही मिळणार" हे वाक्य अजूनही फार ऐकू येतं. जुलै २०२३ च्या शासन निर्णयानंतर योजना पिवळ्या आणि केशरीपुरती राहिलेली नाही, पांढरं कार्डही चालतं. ७० वर्षांवरच्या व्यक्तीला उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं.

यात वेळेला महत्त्व आहे. मंजुरी शस्त्रक्रियेच्या आधी घ्यायची असते. तातडीची केस असेल तर फोनवरून मंजुरीची सोय आहे. पण आधी सगळं बिल रोख भरून, घरी जाऊन मग योजनेकडे परतावा मागाल तर मिळणार नाही. त्यामुळे डिपॉझिट भरायच्या आधी दोनच प्रश्न विचारा: हे हॉस्पिटल योजनेत आहे का, आणि ही शस्त्रक्रिया यादीत आहे का? हॉस्पिटल योजनेत नसेल आणि रुग्णाला हलवता येत असेल, तर जवळचं योजनेतलं हॉस्पिटल १५५३८८ या क्रमांकावर विचारा.

गोव्यात यासारखी दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाख रुपयांपर्यंत.

५. हॉस्पिटल मोठं, खासगी आहे. तिथे गरिबांसाठी काही असतं का?

ते धर्मादाय ट्रस्टचं असेल तर असतं, आणि ती मेहरबानी नाही, कायदा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय हॉस्पिटलने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी ५० टक्के सवलतीत ठेवायच्या असतात. त्याच्या खर्चासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा होते. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत.

मुंबईत जसलोक, लीलावती, हिंदुजा, पुण्यात रुबी हॉल, जहांगीर, दीनानाथ मंगेशकर ही सगळी या योजनेत येणारी नावं आहेत. काचेच्या दारांकडे बघून लोक विचारायलाच बिचकतात. बिचकू नका. वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड द्या, आणि अर्ज दिल्याची पोच घ्या. दाखला हातात नसेल तर आधी अर्ज देऊन ठेवा आणि घरचं दुसरं कुणीतरी तहसील कार्यालयात पाठवा. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून जीव वाचवणारे उपचार सुरू करणं हॉस्पिटलवर बंधनकारक आहे. "खाटा भरल्या आहेत" असं उत्तर आलं तर ते लेखी मागा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्त किंवा उपायुक्त कार्यालयाकडे तक्रार करा. खाट भरलेली आहे की नाही, याची पडताळणी तिथून होऊ शकते.

६. मुख्यमंत्री सहाय्यता निधीतून बिल भरलं जातं का?

पूर्ण बिल नाही, बिलाला हातभार लागतो. ठरावीक गंभीर आजार आणि शस्त्रक्रियांसाठी, वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असलेल्या कुटुंबाला मदत मिळते आणि ती रुग्णाच्या नव्हे, हॉस्पिटलच्या खात्यात जाते. अर्जासोबत हॉस्पिटलने सही-शिक्क्यासह दिलेला खर्चाचा अंदाज लागतो. डिस्चार्ज झाल्यावर, बिल भरून झाल्यावर अर्ज करून उपयोग नाही. टोल फ्री क्रमांक १८०० १२३ २२११. सिद्धिविनायक मंदिर न्यासासारख्या संस्थांकडेही वैद्यकीय मदतीचे अर्ज चालतात. दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी अर्ज करायला हरकत नाही, फक्त कुठे कुठे केला आहे ते लपवू नका.

७. बिल भरल्याशिवाय पेशंटला सोडत नाहीत. काय करायचं?

थकलेल्या बिलासाठी रुग्णाला अडवून ठेवता येत नाही आणि मृतदेह तर नाहीच. रुग्णहक्कांच्या राष्ट्रीय सनदेत हा हक्क स्पष्ट लिहिला आहे. पैसे वसूल करायचे तर हॉस्पिटलला दिवाणी मार्ग मोकळा आहे, माणूस ओलीस ठेवायचा नाही.

प्रत्यक्षात हे असं करा. आधी तपशीलवार बिल मागा: खोलीभाडं, औषधं, तपासण्या, डॉक्टरांची फी, सगळं वेगवेगळं. न वापरलेली औषधं परत केल्याची वजावट आणि एकच तपासणी दोनदा लागली आहे का, हे बघा. बिलावर सवलत मागायची वेळ हीच. मग जमेल तेवढी रक्कम भरून पावती घ्या आणि उरलेली किती, कधीपर्यंत देणार, हे लिहून द्या. कोरा चेक मात्र देऊ नका, तारीख घातलेलाही खात्यात पैसे येणार असतील तरच द्या. चेक परत गेला तर चेकविषयक कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होतो आणि साधी थकबाकी कोर्टात जाऊन बसते. तरीही अडवलं तर ११२ ला फोन करा.

८. दातांच्या खर्चाला कुठली योजना चालते?

रूट कॅनाल, कॅप, इम्प्लांट, ब्रेसेस यांना प्रश्न ४ ची योजना चालत नाही. जबड्याचं फ्रॅक्चर किंवा तोंडाचा कर्करोग असेल तर आरोग्यमित्राला जरूर विचारा, ते वेगळं. आरोग्य विम्यातही दातांचा खर्च बहुधा अपघात होऊन भरती व्हावं लागलं तरच मिळतो. पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल आणि कंपनी ईएसआयसी कापत असेल, तर ईएसआय रुग्णालयाचा दंतविभाग तुमचाच आहे. कार्ड खिशात असून लोक तिकडे फिरकत नाहीत.

सगळ्यात कमी वापरला जाणारा पर्याय म्हणजे दंत महाविद्यालय. मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय. खासगी दंत महाविद्यालयांतही दर क्लिनिकपेक्षा बरेच कमी असतात. काम विद्यार्थी करतात, पण शिक्षकांच्या देखरेखीखाली, आणि अवघड केस पदव्युत्तर विभागात जाते. वेळ जास्त लागतो, फेऱ्या जास्त होतात, सकाळी लवकर नंबर लावावा लागतो. रोजंदारीवर असाल तर बुडालेली मजुरीही हिशोबात धरा. तरी एका दाढेच्या रूट कॅनाल आणि कॅपसाठी ३० टक्क्यांचं कर्ज काढण्याआधी एकदा तिथला केसपेपर काढून या, असं माझं मनापासून सांगणं आहे.

अजून एक. डेंटिस्टला विचारा की यातलं आज काय करायलाच हवं आणि काय सहा महिने थांबू शकतं. दुखणारी, पू झालेली दाढ थांबू शकत नाही. पुढच्या दातांची फट थांबू शकते.

९. डेंटिस्ट म्हणतात "नो कॉस्ट ईएमआय" करून देतो. खरंच व्याज नसतं का?

कुठेतरी असतंच. बहुतेक वेळा क्लिनिक फायनान्स कंपनीला कमिशन देतं आणि ते आधीच दरात धरलेलं असतं. म्हणून पहिला प्रश्न: "रोख दिले तर किती?" दर कमी झाला, तर तो फरक म्हणजेच व्याज.

दुसरं, प्रोसेसिंग फी. समजा ३६,००० चं काम, ६,००० चे सहा हप्ते, पहिला हप्ता लगेच, फी १,००० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे पहिल्याच दिवशी तुमच्या खिशातून ७,१८० गेले. प्रत्यक्षात तुम्हाला २८,८२० चं कर्ज मिळालं आणि त्यासाठी तुम्ही पाच महिन्यांत ३०,००० भरणार. याचा वार्षिक दर १६ टक्क्यांच्या आसपास येतो. हे फार वाईट नाही, पण फुकटही नाही. ही सोय सहसा चांगल्या स्कोअरवाल्यालाच मिळते. तुमचा स्कोअर कमी असताना "होऊन जाईल" म्हटलं जात असेल, तर तीच योजना आहे की वेगळं महाग कर्ज, हे कागदावर बघा (प्रश्न १३).

१०. सोनं गहाण ठेवलं तर सिबिल बघतात का?

फारसा नाही, कारण कर्जाला दागिन्याचा आधार असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नव्या नियमांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या सोनेतारण कर्जाला किमतीच्या ८५ टक्के, ५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के मर्यादा आहे. किंमत फक्त सोन्याची धरतात, खडे आणि घडणावळ नाही. व्याज-मुद्दल सगळं शेवटी एकदम भरायचं असेल, तर शेवटची देय रक्कम या मर्यादेत बसवतात, त्यामुळे हातात थोडं कमी येतं.

खराब स्कोअरवाल्यासाठी मला हाच मार्ग सर्वांत स्वच्छ वाटतो. राष्ट्रीयीकृत बँकेत आधी जा, फायनान्स कंपनीत नंतर. मंगळसूत्र ठेवायला मन तयार होत नाही हे समजतं, पण दागिना लॉकरमध्ये सुरक्षित राहतो आणि व्याज विनातारण कर्जाच्या अर्ध्यावर येऊ शकतं. कर्ज फिटल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत दागिना परत न दिल्यास, उशीर त्यांच्यामुळे झाला असेल तर, दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. वजनाची आणि शुद्धतेची पावती जपून ठेवा.

११. पतसंस्था सिबिल न बघता कर्ज देते का?

बऱ्याच ठिकाणी सभासद कोण आणि जामीनदार कोण, यालाच जास्त वजन असतं. पगारदार नोकरांची सहकारी पतसंस्था असेल तर सर्वांत सोपं. हप्ता पगारातून परस्पर कापला जातो, म्हणून त्यांना जोखीम कमी आणि तुम्हाला व्याज कमी. आकस्मिक कर्ज नावाची छोटी रक्कम अनेक संस्था लगेच देतात. बिल येण्याआधीच सभासद होऊन ठेवा.

जामीनदाराला मात्र खरं सांगा. तुम्ही थकलात तर त्याच्याकडून पूर्ण वसुली होऊ शकते, सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला त्याच्याही नावाने निघतो. पतसंस्थेविरुद्धची तक्रार रिझर्व्ह बँकेकडे चालत नाही, ती सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे करायची.

१२. सोनं नाही, जामीनदार नाही. मग?

आधी स्वतःचे अडकलेले पैसे शोधा. आजारपणासाठी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढता येते. ते कर्ज नसतं, त्यामुळे व्याजही नाही आणि सिबिलही नाही. एलआयसीची जुनी पॉलिसी असेल तर तिच्या समर्पण मूल्यावर (पॉलिसी मध्येच बंद केल्यास मिळणाऱ्या रकमेवर) कर्ज मिळतं. मुदत ठेव मोडण्याऐवजी तिच्यावर उचल घ्या. बायको किंवा आई बचत गटात असेल तर गटाचं अंतर्गत कर्ज विचारा. तिथे व्याज गटातच राहतं. मालकाकडे पगाराची उचल मागायला लाजू नका. यातलं काहीच नसेल, तर प्रश्न ५ आणि ६ कडे परत जा, कारण तुमच्यासारख्यांसाठीच ते आहेत.

१३. "महिना सव्वा टक्का" म्हणजे वर्षाला १५ टक्केच ना?

मूळ रकमेवर फ्लॅट लावला असेल तर नाही. १ लाखावर १५ टक्के फ्लॅट, दोन वर्षं: व्याज ३०,००० आणि हप्ता सुमारे ५,४१७. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १ लाखावरच मोजलं जातं. घटत्या शिलकीवर हा दर साडेसव्वीस टक्के पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी किरकोळ कर्जाला केएफएस नावाचा कागद, तुम्हाला समजेल अशा भाषेत, द्यायचा असतो. त्यात एपीआर म्हणजे सगळे खर्च धरून येणारा वार्षिक दर छापलेला असतो. तोच आकडा बघा, बाकी सगळं सोडा.

१४. मोबाइल अ‍ॅपवर दहा मिनिटांत कर्ज मिळतं. घेऊ का?

कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा नोंदणीकृत फायनान्स कंपनीचं नाव अ‍ॅपवर स्पष्ट नसेल तर हात लावू नका. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आता डिजिटल कर्ज अ‍ॅपची यादी आहे, तिथे नाव तपासा. अ‍ॅपने तुमच्या फोनमधली संपर्कांची यादी आणि फोटो मागणं नियमबाह्य आहे. मंजुरीआधी "फाइल चार्ज" भरायला सांगणं ही सरळ फसवणूक आहे, पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. खऱ्या अ‍ॅपवरून घेतलं आणि पश्चात्ताप झाला, तर किमान एक दिवसाची मुदत असते. तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्या काळाचं व्याज देऊन, दंड न भरता बाहेर पडता येतं. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत.

१५. गावातल्या सावकाराकडून घेतले तर?

परवाना विचारा. महाराष्ट्र सावकारी अधिनियम २०१४ मध्ये अमलात आला. शेतकरी नसलेल्याला तारण कर्जावर वर्षाला १५ आणि विनातारणवर १८ टक्के, शेतकऱ्याला ९ आणि १२ टक्के, एवढीच कमाल मर्यादा आहे. चक्रवाढ व्याज लावता येत नाही. महिना दहा टक्के मागणारा माणूस गुन्हा करतो आहे. आधीच अडकला असाल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करा, विशेषतः जमीन किंवा घर लिहून घेतलं असेल तर. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

१६. जुनं कर्ज "सेटल" केलं होतं. तेच आडवं येतंय. ते पुसता येतं का?

पैसे घेऊन पुसून देतो म्हणणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. सेटल म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून दिली, आणि ती नोंद पुढचा प्रत्येक कर्जदाता वाचतो. सोडलेली रक्कम भरून "क्लोज्ड" नोंद आणि ना देणे प्रमाणपत्र घेणं, हा खरा उपाय. नोंदच चुकीची असेल तर संबंधित संस्थेकडे ऑनलाइन हरकत घ्या. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी.

१७. नवऱ्याचा स्कोअर खराब आहे. बायकोच्या नावावर घेतलं तर चालेल?

चालेल, तिचं उत्पन्न असेल तर. पण हप्ता चुकला तर घरातला उरलेला एकमेव चांगला स्कोअरही जाईल. हप्ता कुणाच्या पगारातून जाणार आणि तो पगार थांबला तर काय, हे दोघांनी आधी बोलावं. तिला न विचारता, तिच्या फोनवरचा ओटीपी वापरून घेतलेल्या कर्जांचे प्रश्नही आमच्याकडे येतात. तो गुन्हा आहे, घरातल्या घरात केला तरी.

१८. ब्रेसेसचे पूर्ण पैसे ईएमआयवर क्लिनिकला गेले आणि क्लिनिकच बंद पडलं. हप्ते थांबवू का?

लगेच थांबवू नका. कर्ज कंपनीचं आहे, क्लिनिकचं नाही, आणि हप्ता परत गेला तर दंड आणि खराब नोंद दोन्ही तुमच्याच नावावर. आधी फायनान्स कंपनीला ईमेल करा: उपचार किती झाले, किती राहिले, क्लिनिक कधीपासून बंद आहे, उरलेली रक्कम क्लिनिककडून वसूल करून कर्ज बंद करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा, माहितीसाठी १४४४८. क्लिनिकविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात जा. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, मार्गदर्शनासाठी १९१५. डॉक्टरांच्या वर्तनाची तक्रार राज्य दंत परिषदेकडे करता येते.

अजून सही केली नसेल तर उपचारांचे टप्पे आणि पैशांचे टप्पे एकत्र बांधा. वर्ष-दीड वर्ष चालणाऱ्या कामाचे सगळे पैसे पहिल्या दिवशी देऊ नका.

१९. वडिलांच्या ऑपरेशनसाठी कर्ज घेतलं आणि ते वाचले नाहीत. कर्ज तरी फेडायचं का?

कर्ज तुमच्या नावावर असेल तर हो. रुग्ण गेला म्हणून ते संपत नाही. पण बँकेला मृत्यूचा दाखला देऊन हप्ते लांबवून किंवा कमी करून मागा. अशा वेळी शाखा व्यवस्थापक ऐकून घेतात, फक्त हप्ता चुकण्याआधी जा.

कर्ज वडिलांच्याच नावावर असेल तर वारसांची जबाबदारी त्यांच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. मुलगा आहे म्हणून स्वतःच्या पगारातून भरावं लागत नाही. मात्र सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल तर पूर्ण भरावं लागतं. कर्ज घेताना विम्याचा हप्ता कापला होता का, हे कर्जाच्या कागदांत नक्की तपासा. कापला असेल आणि विमा वडिलांच्या नावाने असेल, तर त्या दाव्यातून उरलेलं कर्ज फिटू शकतं. अनेक घरांना असा विमा होता हेच माहीत नसतं आणि ते विनाकारण हप्ते भरत राहतात.